बिऱ्हाड हलवण्याचा खरा हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळांच्या निकालांबरोबर बदल्यांच्या याद्याही बाहेर पडतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. आदेश निघण्याची रीत बदलली, पण आदेश हातात पडल्यावर घराघरांत जो प्रश्न उभा राहतो तो मात्र जुनाच आहे. सामान न्यायचे कसे आणि कितीला? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण रूढ झाली त्या काळी शिक्षकाचे वा कारकुनाचे बिऱ्हाड म्हणजे दोन ट्रंका, एक वळकटी आणि भांड्यांचे पोते एवढेच असे. आज त्याच बिऱ्हाडात शीतकपाट, धुलाईयंत्र, भिंतीएवढा दूरचित्रवाणी संच, काचेचे टेबल, मुलांची अभ्यासाची मेजे आणि न उघडलेली कित्येक खोकी असतात. शहरांत त्याला दोन कारणांची आणखी जोड मिळाली आहे. ११ महिन्यांच्या कराराने राहणारी कुटुंबे दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलतात आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात सबंध सोसायटीच्या सोसायट्या तात्पुरत्या घरांत जातात व काही वर्षांनी परत येतात. पाहता पाहता घरसामान हलवून देणे हा एक मोठा धंदा होऊन बसला. या धंद्याचा हिशेब मात्र गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, सरकारला नीटसा ठाऊक नाही आणि धंदा करणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घराचे सामान नागपूरला न्यायचे आहे. अंतर सुमारे ७०० किलोमीटर. कुटुंबप्रमुख चार ठिकाणी चौकशी करतो. एक जण २० हजार रुपये सांगतो, दुसरा ३९ हजार आणि तिसरा ५८ हजार. सामान तेच, रस्ता तोच, मग दरात तिपटीची तफावत कशी? सर्वसामान्य माणूस यातून एकच निष्कर्ष काढतो. ५८ हजार सांगणारा लुटारू आहे, ३९ हजारवाला नफेखोर आहे आणि २० हजारवाला सचोटीचा आहे. वस्तुतः गोष्ट बहुधा उलट असते, आणि ती का उलट असते हे समजण्यासाठी मालमोटारीच्या अर्थशास्त्रात थोडे शिरले पाहिजे.

मालमोटार हे चालते तेव्हा खर्च करणारे आणि उभे असते तेव्हाही खर्च करणारे यंत्र आहे. समजा, १७ फुटी बंद गाडीच्या कर्जाचा हप्ता, विमा, कर, तपासणी आणि चालकाचा पगार मिळून मालकाला महिन्याला ६५ हजार रुपये लागतात. गाडी महिन्यातून २६ दिवस कामावर असेल तर या स्थिर खर्चाचा बोजा दिवसाला अडीच हजार रुपये पडतो. तीच गाडी १३ दिवसच कामावर असेल तर तो पाच हजार होतो. डिझेल एक थेंबही जळलेले नसताना वाहतुकीचा खर्च दुप्पट होतो तो असा. म्हणून या धंद्यात शहाणा व्यवस्थापक डिझेलच्या दरापेक्षा गाडीच्या उभ्या राहिलेल्या दिवसांकडे जास्त लक्ष देतो. डिझेलचा दर कोणाच्याच हातात नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात तो नियंत्रणमुक्त झाल्यापासून तर तो तेल कंपन्या आणि सरकारी कर यांच्यावरच सोपवलेला आहे. गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहते हे मात्र बरेचसे व्यवस्थापकाच्या हातात असते.

आता फेरीचा हिशेब. लादलेली गाडी लिटरला सहा किलोमीटर चालली तर जाताना सुमारे ११७ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले तर ते साडेदहा हजारांचे होते. रिकामी परतताना सात किलोमीटरचा हिशेब धरला तरी १०० लिटर, म्हणजे नऊ हजार. बांधाबांध आणि चढवणे यांत एक दिवस, वाट आणि उतरवणे यांत दोन दिवस, आणि परतून नवीन काम मिळेपर्यंत तीन दिवस असे सहा दिवस धरले तर स्थिर खर्चाचे १५ हजार. एकूण साडेचौतीस हजार. यात टोल नाही, खोकी आणि गुंडाळण्याचे साहित्य नाही, दोन्ही टोकांची हमाली नाही. या तिन्हींचे मिळून १५ हजार धरले तर साडेएकोणपन्नास हजार होतात. बांधाबांधीसकट सबंध सेवा देणाऱ्याच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सर्वसाधारणपणे लागतो. तो मिळवला की आकडा ५८ हजारांवर जातो. तेव्हा ५८ हजार सांगणारा लुटारू नसेलही. त्याने परतीची रिकामी गाडी गिऱ्हाइकाच्या माथी मारली आहे, एवढाच त्याचा दोष.

रिकामी परत येणारी गाडी हाच या सबंध हिशेबाचा कणा आहे. ज्याला परतीचे सामान मिळते, किंवा नागपूरहून पुण्याला सामान घेऊन आलेली आणि घरी परतू पाहणारी गाडी जो हेरतो, त्याच्या हिशेबातून परतीचे नऊ हजारांचे डिझेल आणि तीन दिवसांचे साडेसात हजार एकदम वजा होतात. साडेचौतीसचे अठरा हजार होतात; त्यात १५ हजार मिळवले आणि कर लावला की ३९ हजार. दुसऱ्या माणसाचा दर इथून येतो. त्याने कोणाचे काही कापलेले नाही, फक्त ओळखीपाळखी आणि माहितीच्या जोरावर गाडी रिकामी धावू दिलेली नाही. जुन्या काळचे हुंडेकरी हेच करीत असत. अमुक गावची गाडी अमुक दिवशी परत जाणार हे त्यांच्या डोक्यात असे. आज हे काम फोनवरचे ॲप करतात, पण तत्त्व तेच आहे.

अजून खाली जायचे तर एकच सचोटीची वाट उरते. त्या परतीच्या गाडीत दोन बिऱ्हाडे घालायची. गाडीचे अठरा हजार निम्मे झाले की प्रत्येकी नऊ हजार, त्यावर बाकीचे १५ आणि कर. म्हणजे सुमारे २८ हजार. याची किंमत गिऱ्हाइकाने वेळेच्या रूपाने मोजायची असते, कारण दुसरे बिऱ्हाड मिळेपर्यंत सामान गोदामात पडून राहते आणि एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाताना आरसे आणि कपाटांचे पाय मोडतात. पण २० हजार? कर बुडवला तरी आकडा चोवीस हजारांखाली येत नाही. वीस हजारांत काम करू म्हणणाऱ्याने काहीतरी वगळलेले असते. ते काय, हे गिऱ्हाइकाला सामान वाटेत असताना कळते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिऱ्हाडाच्या वाहतुकीत वजनाला फारसा अर्थ नसतो. सिमेंट वा पोलाद वाहणारी गाडी वजनाने भरते. घरसामानाची गाडी आकाराने भरते. १७ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच गाडीत ७१४ घनफूट जागा असते आणि ती सोफे, गाद्या, कपाटे यांनी वजनमर्यादेच्या कितीतरी आधी संपते. २०१८ साली केंद्र सरकारने मालमोटारींची आसभार-मर्यादा वाढवली तेव्हा धान्य आणि खनिजे वाहणाऱ्यांना दिलासा मिळाला. घरसामान वाहणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. म्हणूनच घरी येऊन, पलंगाखाली आणि माळ्यावर डोकावून, सामानाचे घनफूट मोजणारा माणूस हा या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा नोकर. त्याचा अंदाज चुकला तर एकतर अर्धी गाडी हवा वाहून नेते, नाहीतर ऐन वेळी दुसरी छोटी गाडी बोलवावी लागते. फोनवर चार प्रश्न विचारून दर सांगणारा माणूस हा अंदाजच करीत नाही. तो आधी काम पदरात पाडून घेतो आणि तफावत नंतर वसूल करतो.

तारखेचेही तसेच. घरभाड्याचे करार महिनाअखेरीस संपतात, शाळा एप्रिल-मेमध्ये सुटतात, मुहूर्त पाहणारे मुहूर्त पाहतात, आणि मोठ्या शहरांत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी असते. त्यावर सोसायट्यांचे नियम. रविवारी सामान हलवायचे नाही, दुपारी लिफ्ट वापरायची नाही, आधी अनामत भरायची. परिणाम असा की महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत माणसे आणि गाड्या पुरत नाहीत आणि दहा ते वीस तारखेदरम्यान त्या बसून असतात. एखाद्याने पंधरा तारखेला जायचे ठरवले तर त्याला दर उतरवून मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. फार थोडे लोक तो बजावतात. शहरातल्या शहरात घर बदलताना तर गाडीचा खर्च नगण्य आणि माणसांच्या तासांचा खर्च सर्वस्व असतो. तिथे दोन तास अडवून ठेवलेली लिफ्ट ही दहा किलोमीटरच्या अंतरापेक्षा महाग पडते.

माणसांचा प्रश्न आला की हिशेबाची वही बाजूला ठेवून दुसरीच वही उघडावी लागते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या मालमोटार मालकांनी आणि चालकांनी गेल्या काही वर्षांत गाजवली. कारखान्यात वा बाजार समितीत माल उतरवण्याची मजुरी, जिला वाराई म्हणतात, ती गाडीवाल्याकडून वसूल केली जाते. ती ज्याचा माल त्याने द्यावी, ही त्यांची मागणी. मागणी रास्त आहे. पण हेच वाक्य बिऱ्हाडाला लावून पाहिले तर काय होते? माल आहे शिक्षकाचा किंवा कारकुनाचा, म्हणजे हमालही त्याचाच. तो तर समजतो की त्याने एका कंपनीला रक्कम दिली, हमाल त्या कंपनीचे. कंपनीने ते काम एका मुकादमाला दिलेले असते, मुकादमाने सकाळी नाक्यावरून चार जण उचललेले असतात. धुलाईयंत्र जिन्यावरून उतरवताना एखाद्याचा पाय मोडला तर तो नेमका कोणाचा कामगार ठरतो?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी जो लढा दिला त्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. मालक बदलता, काम रोजंदारीचे, तरीही मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा व्हावी व त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, उपदान मिळावे, ही त्या कायद्यातली कल्पना देशाला नवी होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्याच वर्गाला संघटनेचे आणि स्वाभिमानाचे दुसरे रूप दिले. पण या दोन्ही प्रयत्नांची रचना बाजार, गोदी, कारखाने आणि वाहतूकदारांची गोदामे यांच्याभोवती झाली. तिथे जागा ठरलेली, मालक ठाऊक आणि टोळी नोंदलेली. तिसऱ्या मजल्यावरचे घर हे अर्ध्या दिवसाचे कामाचे ठिकाण आहे. तिथे निरीक्षक येत नाही आणि टोळी दुसऱ्या दिवशी सापडत नाही. काही ठिकाणी नोंदणीकृत कामगारांच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी माथाडी या शब्दालाच बट्टा लावला, हेही नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे सोसायटीच्या फाटकाशी येऊन ‘माल आमच्याच माणसांनी उतरवायचा’ असे दरडावणाऱ्यांपासून मध्यमवर्गाचे संरक्षण झालेच पाहिजे. पण त्या संतापाच्या भरात खऱ्या हमालाचा हिशेबातला वाटाही पुसला जातो, याकडे कोणी पाहत नाही.

हा वाटा किती जड आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. समोरून उघडणाऱ्या धुलाईयंत्राच्या पोटात ते थरथरू नये म्हणून काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात; त्याचे वजन सहज साठ-सत्तर किलो भरते आणि अरुंद जिन्यावर ते उचलायला दोनहून अधिक माणसे उभीच राहू शकत नाहीत. पट्टे, चाकांचे पाटे, हातमोजे ही साधने काही हजारांत मिळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. ज्या कंपन्या ती घेतात त्यांच्याकडे मोडतोड कमी होते आणि कामही लवकर उरकते, म्हणजे ती काटकसरच ठरते. तरीही नाक्यावरच्या टोळीच्या हाती बहुधा एक सुतळीचा गुंडा आणि फाटके गोणपाट असते. कारण टोळी कंपनीची नाही; कोण कोणासाठी साधने घेणार?

चालकाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, पण ती टाळण्यासारखी नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते आणि तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत विलीन झाला. तिथे मोटार वाहतूक आस्थापनेसाठी दहा कामगारांची अट आहे. या देशातल्या बहुसंख्य मालमोटारी एक ते पाच गाड्यांच्या मालकांकडे आहेत. पाचाचे दहा झाले या एका बदलाने किती चालक कायद्याच्या छत्राबाहेर गेले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दुसरीकडे त्याच वेळी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपद्वारे सेवा देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी देण्याचे बंधन घातले आहे आणि त्या यादीत मालवाहतूक सेवांचा समावेश आहे. म्हणजे फोनवरून बोलावलेल्या गाडीच्या चालकाला काही मिळण्याची आशा आहे. नाक्यावरच्या मुकादमाने बोलावलेल्या हमालाला नाही. कायद्याच्या दृष्टीने ॲप दिसते, मुकादम दिसत नाही.

आता गिऱ्हाइकाकडे वळू, कारण वीस हजारांच्या दराचा शेवटचा अंक त्याच्या दारात घडतो. गाडी नागपूरच्या वेशीवर येते आणि फोन येतो. सामान जास्त निघाले, आणखी बारा हजार द्या, नाहीतर माल गोदामात उतरवू, गोदामभाडे वेगळे. उद्या कामावर हजर व्हायचे आहे, मुले जमिनीवर झोपली आहेत, गॅसची शेगडी गाडीत आहे. माणूस बारा हजार देतो. नामांकित कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन, एक खोली आणि एक फोन एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या दुकानांचा हा सर्रास मार्ग झाला आहे. त्यांच्याकडे गाडी नसते, टोळी नसते, गोदामही नसते. असते ती फक्त गिऱ्हाइकाची अडचण.

हे संकट केवळ भारतातले नाही, आणि म्हणूनच इतरांनी त्यावर काय केले ते पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत राज्याच्या सीमा ओलांडणाऱ्या घरसामानाच्या वाहतुकीला संघराज्याचे नियम आहेत. वाहतूकदाराने लेखी अंदाजपत्रक द्यायचे असते. ते बंधनकारक असेल तर त्याहून अधिक रक्कम मागता येत नाही. बंधनकारक नसेल तर दारात सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच रक्कम मागता येते आणि तेवढी दिली की सामान सोडावेच लागते. वाद असेल तो नंतर. नियम साधा आहे, पण वेशीवरून येणाऱ्या त्या फोनातली हवा तो काढून घेतो. अर्थात तिथेही सर्व आलबेल नाही. ज्याने किमान जोखमीचा पर्याय स्वीकारला त्याला मोडलेल्या वस्तूमागे दर पौंडाला ६० सेंट एवढीच भरपाई मिळते. ४० पौंडांचा दूरचित्रवाणी संच फुटला तर २४ डॉलर. जपानने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. तिथल्या आदर्श करारात अंदाजपत्रक देताना आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. उलट गिऱ्हाइकाने ऐन वेळी काम रद्द केले तर त्याच्याकडून किती घ्यायचे हेही ठरलेले आहे. आदल्या दिवशी ३० टक्क्यांपर्यंत, त्याच दिवशी ५० टक्क्यांपर्यंत. दोघांनाही बांधून घेण्याचा हा समतोल ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण गिऱ्हाईक पाच जणांना तारीख देऊन चौघांना तोंडघशी पाडते, ही आपल्याकडच्या प्रामाणिक व्यावसायिकांची तक्रारही खोटी नाही. जपानमध्ये एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली तेव्हा सरकार आणि कंपन्या दोघांनीही लोकांना मार्चअखेरच्या गर्दीतून तारखा बदला असे सांगायला सुरुवात केली. चालकाच्या झोपेची किंमत कुणीतरी मोजायची असते हे तिथे उघडपणे बोलले गेले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत ठरवली आहे. त्याहून अधिक हवी असेल तर पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर देऊन किंमत जाहीर करायची. वरवर पाहता दहापट म्हणजे पुष्कळ. पण बिल कसे लिहिले जाते ते पाहावे. चाळीस हजारांच्या बिलात भाड्यासमोर आठ हजार आणि बाकी सारे बांधणी, हाताळणी, सेवा अशा रकान्यांत लिहिलेले असेल तर दहापट म्हणजे ऐंशी हजारच. शिवाय ‘विमा’ या नावाने सामानाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम घेतली जाते. विमा कंपनीची पॉलिसी मात्र अनेकांच्या हाती कधीच पडत नाही. पॉलिसीचा कागद नसेल तर ती रक्कम विम्याचा हप्ता नव्हे, नुसती दरवाढ आहे. यात सोयीची बाजू एवढीच की १ जुलै २०१७ ला जकातनाके आणि राज्यांचे तपासणी नाके उठले आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची अटही नाही. नाक्यावर अडकलो म्हणून जादा खर्च आला, ही सबब त्यामुळे आता चालणार नाही.

आणि मग सरकार स्वतः, जे लाखो कुटुंबांना हलवते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली केंद्राने ठरवलेले बदलीचे सामानभाडे पाहावे. सहाव्या वेतनस्तरापासून वर ६ हजार किलो आणि किलोमीटरला ५० रुपये; पाचव्या स्तराला ३ हजार किलो आणि २५ रुपये; चौथ्या आणि त्याखालच्या स्तरांना दीड हजार किलो आणि १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्के वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत अशी तरतूदही त्यात आहे. पुणे ते नागपूरच्या आपल्या उदाहरणात मूळ दराने अधिकाऱ्याला ३५ हजार, त्याखालच्याला साडेसतरा हजार आणि शिपायाला साडेदहा हजार मिळतात. शिपायाचे सामान लिटरला दहा किलोमीटर चालणाऱ्या छोट्या गाडीत मावेल असे धरले तरी जाण्याचे डिझेलच ६,३०० रुपयांचे होते. उरलेल्या ४,२०० रुपयांत चालक, टोल, हमाली, बांधणी आणि रिकामी परतणारी गाडी हे सर्व बसवायचे. बदलीबद्दल मिळणारे एकरकमी अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के आहे. ज्याचे वेतन कमी त्याचे तेही कमी. जिन्याची उंची वेतनस्तर पाहून ठरत नाही. चौथ्या स्तरातल्या माणसाचे शीतकपाट अधिकाऱ्याच्या शीतकपाटाहून निम्मे नसते, आणि मुलांची संख्या तर नाहीच नाही. शिवाय नियमांची भाषा अजून मालगाडीच्या चार चाकी डब्याची आहे आणि माप अजून किलोचे आहे. वजनकाट्यावर चढवलेले बिऱ्हाड शेवटचे कोणी कधी पाहिले?

अशा तुटपुंज्या रकमेत बसणारा दर एकच, तो वीस हजारवाल्याचा. नोकरदाराला त्याच्याकडे ढकलणारा हात सरकारचाच आहे. वस्तुतः मे महिन्यात एका जिल्ह्यातून शेकडो शिक्षक बाहेर जातात आणि शेकडो आत येतात. कोण कुठून कुठे जाणार हे संगणकाला आदेश निघण्याच्या क्षणी ठाऊक असते. परतीचे सामान शोधण्यासाठी वाहतूकदार ज्या माहितीच्या मागे धावतो ती माहिती इथे सरकारच्या कपाटात आयती पडलेली आहे. जिल्हा परिषदांनी या याद्यांवरून मार्गवार दरपत्रके मागवली, बंधनकारक अंदाजपत्रक आणि दोन्ही टोकांना नोंदणीकृत हमालांची टोळी या दोन अटी घातल्या, तर गाड्या दोन्ही बाजूंनी भरून धावतील. आपल्याच उदाहरणातला ५८ हजारांचा आकडा ३९ हजारांवर येईल, आणि तो कोणाची मजुरी न कापता. यासाठी नवीन कायदा लागत नाही, नवीन खातेही लागत नाही. पण दरवर्षी आदेश निघतात ते कार्यमुक्त होण्याचे. सामानाबद्दल त्यांत अक्षरही नसते.

तोवर कुटुंबाने स्वतःच थोडी कागदपत्री सावधगिरी घ्यायला हवी. बिल्टीवर गाडीचा क्रमांक, सामानाची नगवार यादी, भाड्याचा स्वतंत्र आकडा आणि ठरलेली एकूण रक्कम असल्याखेरीज कपाट जिन्याखाली उतरू देऊ नये. नुकसानीची लेखी सूचना वाहतूकदाराला माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, अन्यथा दावा चालत नाही. खोकी माळ्यावर टाकून ‘पुढच्या सुट्टीत उघडू’ म्हणणाऱ्या घरांत ही मुदत बहुधा दिवाळीच्या सुमारास संपते.